बाईंची रात्रीची क्रीम

बाई,

तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. तुम्ही होतात तेव्हा तुमच्यापुढं माझं तोंड उघडत नव्हतं, आणि तुम्ही गेल्यावर हे ऐकणारं कुणी उरलं नाही, म्हणून इतकी वर्षं सगळं आत तसंच राहिलं. आज दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलंय आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर बसून लिहितेय. परभणीत माझं स्वतःचं पार्लर आहे, हे तुम्हाला माहीत नाही. छोटंच आहे, दोन खुर्च्यांचं.

मी तुमच्याकडं पहिल्यांदा आले ती शिकायला नाही. एकोणीस वर्षांची होते, चुलत बहिणीचं लग्न होतं आणि भुवया करून घ्यायच्या होत्या. सोनपेठच्या एसटी स्टँडमागच्या गल्लीत तुमच्या घराची पुढची खोली म्हणजेच पार्लर. बसमधून उतरले तशीच आत आले, डोळे सोडून सगळं तोंड स्कार्फात गुंडाळलेलं. उन्हासाठी सगळ्याच मुली बांधतात, पण मी तो घरातसुद्धा सोडत नव्हते. गालांवर, कपाळावर, हनुवटीवर नुसती मुरमं; काही पिकलेली, काही फुटून काळी पडलेली, आणि कातडी अशी नाजूक की काहीही लावलं की लालभडक व्हायची. तुम्ही म्हणालात, "सोड की ते फडकं. हितं कोण बसलंय बघायला? मी आन आरसा." मी सोडलं. तुम्ही "अगं बाई" म्हणाला नाहीत की तोंडही वाकडं केलं नाहीत. शिंप्यानं कापड बघावं तसं जवळून, उजेडाकडं वळवून बघितलंत आणि विचारलंत, "काय लावतीस?" मी सांगितलं, लिंबू, साखर, टूथपेस्ट, कधी चुना. "आन घासतीस?" "घासते." तुम्ही कपाळाला हात लावलात. "तोंड म्हंजे काय करपलेलं पातेलं हाय का गं?" मग भुवया राहिल्या बाजूला. तुम्ही आधी स्वतःचे हात धुतलेत, तळहातावर फेस करून बोटांच्या पेरांनी माझं तोंड धुतलंत, आणि जुन्या सुती लुगड्याचा तुकडा घेऊन म्हणालात, "पुसायचं न्हाई, टिपायचं." लहानपणानंतर माझ्या तोंडाला कुणी हात लावला नव्हता. बहिणीचं लग्न झालं आणि त्या सोमवारपासून मी तुमच्याकडं शिकायला यायला लागले. मी तुम्हाला मॅडम म्हटलं तर तुम्ही हसलात. म्हणालात, मॅडम गिऱ्हाइकांना म्हणू दे, तू शाळेतल्या बाईला म्हणतीस तसं बाई म्हण.

तुमच्या कपाटात एक फोटो होता, लग्नाआधीचा, स्थळं बघताना काढलेला. एकदा पाऊस लागला होता, गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा तुम्ही तो मला दाखवलात. फोटोतली मुलगी गोरीपान. स्टुडिओवाल्यानं ब्रशनं तोंड उजळून दिलं होतं, तुमच्या वडिलांनीच सांगितलं होतं तसं. तो फोटो बघून सासरच्यांनी होकार दिला. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सासू अंगणात सगळ्यांसमोर म्हणाली, "फोटोतली पोरगी कुठाय? ही कोण पाठवली?" तुम्ही ते सांगताना हसत होतात. चार वर्षांनी नवऱ्यानं दुसरी आणली, तुम्ही माहेरी आलात, मशीनवर शिवणकाम केलंत, मग पार्लरचं शिकलात, आणि कुणाच्या दारात न जाता उभ्या राहिलात. मला तुमच्यासारखं व्हायचं होतं. पण तो फोटो तुम्ही फाडला नव्हता, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही.

साडेसातला शेवटचं गिऱ्हाईक गेलं की आपलं काम सुरू व्हायचं. तुम्ही म्हणायचात, दिवसभर दुसऱ्याची तोंडं, आता आपलं. दोघी आरशापुढं बसायचो. कोमट पाणी, सौम्य साबण, टिपणं, मग गुलाबपाणी आणि ग्लिसरीन. झोपेपर्यंत तोंडाला हात लावायचा नाही. केसाचं तेल कपाळावर उतरू नये म्हणून तुम्ही माझ्या कपाळाला पट्टी बांधायचात. चार-पाच महिन्यांत माझी मुरमं पुष्कळ बसली. गेली नाहीत, पण बसली. तुम्ही दर शनिवारी माझी हनुवटी धरून उजेडात बघायचात आणि म्हणायचात, "सबूर. कातडीला घाई चालत न्हाई."

मग तुम्हालाच घाई झाली. बाजाराच्या दिवशी मोटरसायकलवर एक माणूस आला, पाठीला काळी बॅग. त्यानं टेबलावर डब्या मांडल्या, पांढऱ्या झाकणाच्या. वर कंपनीचं नाव नाही, आत काय आहे ते लिहिलेलं नाही. मी विचारलं तर म्हणाला, "नावाला काय करता? पंधरा दिवसांनी आरसा बघा." तुम्ही एक ठेवून घेतलीत. रात्री धुतल्यावर तोंडाला, मानेला, कोपरापर्यंत हातांना. पंधराव्या दिवशी तुम्ही मला हाक मारलीत. बाई, खोटं कशाला बोलू, तुमचं तोंड चमकत होतं. जणू कुणीतरी आतून दिवा लावला होता. तुम्ही कपाटातून तो फोटो काढून गालाजवळ धरलात. "बघ, बरोबर झाली का न्हाई?" तुम्हाला एवढं खूश मी कधी पाहिलं नव्हतं. मी म्हणाले, "झाली, बाई."

पुढच्या बाजाराला तुम्ही डझनभर डब्या घेतल्यात, आणि त्यातली एक मला दिलीत, माझं शिक्षण पुरं झालं म्हणून, कागदात बांधून. मी लावली. पहिल्या रात्री गालावर मिरची चोळल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी तुम्हाला सांगितलं तर तुम्ही म्हणालात, "जळायलंय म्हंजे काम करायलंय. जरा दम धर." मी चार रात्री दम धरला. पाचव्या रात्री उठून हौदावर जाऊन तोंड धुतलं आणि डबी ट्रंकेत तळाशी ठेवली. तुम्ही विचारलंत, "लावतीस ना रोज?" मी म्हणाले, "लावते." एवढं साधं होतं ते. तुमचं मन मोडू नये, एवढंच होतं त्यात. शनिवारी तुम्ही माझी हनुवटी धरायचात, उरलेली मुरमं तशीच दिसायची आणि तुम्ही रागवायचात, "तुझी कातडीच हट्टी हाय बघ." मी मान खाली घालायचे. आणि त्याच हातांनी दिवसभर गिऱ्हाइकांना त्या डब्या द्यायचे, कसं लावायचं ते सांगायचे. एकीनं विचारलं, जळतं का? मी तुमचंच वाक्य म्हणून दाखवलं.

दीड वर्ष गेलं असेल. एका सकाळी तुम्ही हात पुढं केलात. बोटातली सोन्याची अंगठी एका बाजूनं पांढरी पडली होती, चांदीसारखी. साबणानं घासली, जाईना. आपण दोघी सोनाराकडं गेलो. त्यानं भिंग लावून बघितली, तुमच्या हाताकडं बघितलं, मग तोंडाकडं. "बाई, पाऱ्याच्या कशात हात घालायलात का?" तुम्ही म्हणालात, "पारा? मी काय दवाखाना चालवते?" तो हसला नाही. म्हणाला, "सोनं दुसऱ्या कशानं असं होत न्हाई. जे काय असंल ते सोडा." वाटेत तुम्ही म्हणालात की मेल्यानं मुळातच खोटं सोनं दिलं होतं. अंगठी काढून तुम्ही डब्यात ठेवलीत आणि रात्री साडेसातला पुन्हा आरशापुढं बसलात. मी शेजारी बसून ग्लिसरीन लावत होते. त्या दिवसापासून मला आरशात तुमच्याकडं बघवत नव्हतं. बोटाला लागलेलं सोन्याला खातंय, तर कातडीतून आत काय जात असेल, हे माझ्या डोक्यात आलं होतं. आलंच नव्हतं असं मला म्हणता येत नाही.

मग सकाळी तुमच्या पापण्या सुजायला लागल्या. झोप जास्त झाली, तुम्ही म्हणालात. मग पाय. दिवसभर उभं राहून होतंय, तुम्ही म्हणालात. चपलेचा पट्टा पायात रुतून खोल वण उठायचा आणि चप्पल काढून तासभर झाला तरी जायचा नाही. एकदा हळूच, लाजून, मला म्हणालात, "लघवीला साबणासारखा फेस येतोय गं. उन्हानं असंल का?" मी म्हणाले, पाणी कमी पिता तुम्ही. तुम्ही जास्त पाणी प्यायला लागलात आणि पाय आणखी सुजले. तोंड मात्र तसंच, गुळगुळीत, उजळ. बाया विचारायच्या, वय काय हो मॅडम तुमचं?

तेव्हाच एक बाई आली. तिच्या लेकीला आपण लग्नाआधी डबी दिली होती, मीच दिली होती. पोरगी सासरी गेली, लावत राहिली, पाय सुजले, चालता येईना. परभणीच्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, तोंडाला काय लावता? आणि डबी बघून तिथल्या तिथं बंद करायला लावली. ती माउली डबी घेऊन तुमच्यापुढं उभी होती, ओरडत नव्हती. "डॉक्टरनं सांगितलं, ह्याच्यात विष हाय. माझ्या लेकीची किडनी जायलती." तुम्ही तिला बसा म्हणालात. पाणी दिलंत. मग शांतपणे म्हणालात, "मावशी, मी सोता दोन वर्षं झाली लावायलेय. मला झालं का काही? बघा माझ्याकडं." ती तुमच्या तोंडाकडं बघत होती. मी तुमच्या पायांकडं बघत होते. तुम्ही ते साडीच्या काठाखाली ओढून घेतले होते. मग तुम्ही माझ्याकडं वळलात. "विचारा ह्या पोरीला. ही बी लावती. सांग गं, लावतीस का न्हाई?"

बाई, तो क्षण मी हजारदा पुन्हा जगलेय. तुम्ही टेबलाला धरून उभ्या आहात. पंखा फिरतोय. खुर्चीत अर्ध्या भुवया केलेली एक पोरगी बसलीय. मी म्हणायला हवं होतं, मी चार रात्री लावली, जळलं म्हणून सोडली, तुम्ही पण सोडा. माझ्या एका वाक्यानं तुम्ही थांबल्या असतात की नाही, मला माहीत नाही. कदाचित मला हाकलून दिलं असतंत आणि लावत राहिल्या असतात. पण मी म्हणाले, "लावते." त्या बाईनं अजून मुरमं असलेल्या माझ्या तोंडाकडं बराच वेळ बघितलं. म्हणाली, "हिच्याकडं बघून तर वाटत न्हाई." मग डबी स्टुलावर ठेवून निघून गेली. तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवलात. "बरं झालं बोललीस," म्हणालात.

तिच्या लेकीनं लावणं बंद केलं आणि हळूहळू ती बरी झाली, हे मला नंतर कळलं. तुम्ही आणखी आठ महिने लावत राहिलात.

दम लागायला लागला तेव्हा तुमच्या भावानं परभणीला नेलं, तिथून नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात. मी पार्लरला कुलूप लावून मागोमाग आले. अंगभर सूज होती. व्हरांड्यात एका तरुण डॉक्टरांना मी सगळं सांगितलं, डबी, अंगठी, फेस, सगळं. ते लिहायचे थांबले. म्हणाले, "हे आधी कुणीच कसं सांगितलं नाही?" मग म्हणाले, एवढ्याचमुळं झालं असं छातीठोक सांगता येत नाही, पण हे फार आधी थांबायला हवं होतं. मी विचारलं, आता थांबलं तर? त्यांनी फाइल मिटली.

त्या दिवशी संध्याकाळी तुम्ही शुद्धीवर होतात. मला जवळ बोलावलंत. "तोंड धू माझं. उद्या गावाकडची माणसं यायलीत." मी वाटीत कोमट पाणी आणलं, कापसानं तुमचं तोंड धुतलं, टिपलं. तुम्ही म्हणालात, "डबी आणलीस का पिशवीतून?" मी आणली म्हणाले. नर्सकडून साधं व्हॅसलीन मागून घेतलं होतं, तेच बोटावर घेऊन तुमच्या गालांना लावलं. तुमचे डोळे मिटलेले होते. थोड्या वेळानं तुम्ही म्हणालात, "आज जळंना गं." मी म्हणाले, "सवय झाली, बाई." तुम्ही हसलात. दुसऱ्या दिवशी माणसं आली, तुमच्याशी बोलली, आणि त्याच्या पुढच्या पहाटे तुम्ही गेलात.

तुमच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी घरी बुद्धवंदना झाली, पांढऱ्या साड्या नेसलेल्या बाया भिंतीशी बसल्या होत्या. कुणीतरी म्हणालं, "काय तेज होतं तोंडावर. मेल्यावर बी." दुसरीनं माझ्या कानाशी लागून विचारलं, "कोणती क्रीम लावायच्या गं त्या? उरल्यात का?" कपाटात नऊ उरल्या होत्या. नदीत टाकता येईनात, खाली लोक पाणी भरतात. मी त्या पिशवीत घालून परभणीला, त्या मावशीच्या लेकीला तपासलेल्या डॉक्टरांकडं नेऊन दिल्या. तपासायला पाठवतो म्हणाले. पुढं काय झालं, मला कुणी कळवलं नाही. बाजाराच्या दिवशी तो माणूस मोटरसायकलवर आला. कुलूप बघून पायरीवर बसलेल्या मला विचारलं, "किती ठेवू?" मी म्हणाले, बाई वारल्या. मी म्हणाले, तुमच्या डबीनंच. त्यानं हेल्मेट काढलं, "अरेरे" म्हणाला, माझं दुसरं वाक्य ऐकलंच नसल्यासारखं हेल्मेट परत घातलं. गाडी चालू झाली आणि दोन गल्ल्या सोडून थांबली. तिथं नवीन पार्लर निघालं होतं. मी पळत गेले, त्या बाईला सांगितलं. ती म्हणाली, तुमचं गिऱ्हाईक माझ्याकडं यायलंय म्हणून जळायलात का?

मी परभणीला आले, एक क्लास केला, भिंतीवर लावायला सर्टिफिकेट मिळालं. कातडीच्या डॉक्टरांना तोंड दाखवलं. आता रात्री माझं जे चालतं ते तुम्हाला मिळमिळीत वाटेल. हात धुवायचे, तोंड सौम्य फेसवॉशनं एकदाच धुवायचं, टिपायचं, नीट कोरडं होऊ द्यायचं. वास नसलेलं साधं मॉइश्चरायझर. डॉक्टरांनी दिलेलं मलम, सगळ्या तोंडाला मिळून वाटाण्याएवढं, सुरुवातीला एक दिवसाआड. मुरूम फोडायचं नाही. उशीचा अभ्रा वरचेवर बदलायचा. जळालं की थांबायचं आणि विचारायचं. तीन महिने लागतात, आणि तीन महिन्यांनी कुणी फोटो काढून ठेवावा असं काही होत नाही.

आज हे लिहायला बसले, कारण दुपारी ताडकळसहून एक बाई तिच्या सतरा वर्षांच्या लेकीला घेऊन आली होती. पोरीनं स्कार्फ सोडला. मी हेच सगळं तिला कागदावर लिहून देत होते तर आई मोबाइल पुढं करून म्हणाली, "ह्याच्यात तर सात दिवसांत म्हणतेत." व्हिडिओत एक हात, एक डबी, वर नाव नाही. पोरगी खाली बघून म्हणाली, "मी लावायलेय ती. दोन महिने झाले." मी तिला पाय वर घे म्हणाले. घोट्याच्या वर अंगठ्यानं दाबलं आणि सोडलं. खळगा पडला, आणि लगेच भरला नाही. की मला तसं वाटलं? मी पुन्हा दाबलं नाही. डॉक्टरांचा पत्ता लिहून दिला, म्हणाले, आजच्या आज लघवी तपासा, आणि डबी बरोबर न्या. आई म्हणाली, "आता दवाखाना बंद झाला असंल. बघू सोमवारी." तेव्हा मी तिला तुमची गोष्ट सांगितली, पहिल्यापासून शेवटपर्यंत, अंगठीसकट. आई ऐकत होती. पोरगी रडायला लागली. दोघी गेल्या. त्यांची बस सहाची होती. दवाखान्यात गेल्या की स्टँडवर, मला माहीत नाही. मी दारात उभी राहून बघितलं तर गर्दीत त्या दिसल्या नाहीत.

हे पत्र कुठं टाकायचं नाहीच आहे. पण एक राहिलं. जाताना त्या आईनं दारातून मागं वळून विचारलं, "तुमच्या कोण लागायच्या त्या बाई?" लोक नावं ठेवतील, म्हणतील ही त्या डबीवालीकडंच शिकलीय, असं मनात आलं. मी म्हणाले, "कुणी नाही. ऐकलेलं सांगितलं."